चंद्रपूरच्या खडकावरचे ओरखडे आणि हिमालयातली नवी तळी

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि तेव्हापासून २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरला. त्या निमित्ताने जगासमोर आलेली आकडेवारी साधी नव्हती. १९७५ पासून जगातल्या हिमनद्यांनी ९,००० अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावला आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ या सलग तीन वर्षांत जगातल्या सर्वच्या सर्व १९ हिमनदी प्रदेशांत बर्फ घटला. एकही प्रदेश सुटला नाही.

कुडव्यात बसून ही बातमी वाचली की पहिला प्रश्न मनात येतो तो असा की, याचे आपल्याला काय? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. आपली वैनगंगा सातपुड्यातून, सिवनी जिल्ह्यातून येते आणि पावसावर चालते. तिच्यात हिमालयाचा एक थेंब नाही. बर्फाशी आपला संबंध काय तो लग्नाच्या मांडवातल्या लादीपुरता आणि रमजानमधल्या शरबतापुरता. वर्गात हिमनदी शिकवताना मुलेही हेच विचारतात. "सर, हे पेपरात येईल म्हणून पाठ करायचं ना?"

आमचे म्हणणे असे की संबंध आहे, आणि तो एका नाही तर तीन ठिकाणी आहे. एक आपल्या विदर्भाच्या जमिनीत आहे. दुसरा आपल्या विजेच्या बिलात आहे. आणि तिसरा हिमालयात कामाला आणि फिरायला जाणाऱ्या आपल्याच माणसांच्या जिवाशी आहे. या तिन्ही गोष्टींना जोडणारा धागा एकच. बर्फ वितळून पाणी निघून जाते, पण बर्फाने आणलेला दगडमातीचा ढीग तिथेच राहतो. पाण्याची चर्चा सगळे करतात, त्या ढिगाची फारशी कोणी करत नाही. अलीकडच्या काही मोठ्या दुर्घटनांत मात्र खरा घात त्या ढिगानेच केला.

बर्फ टाकून काय जातो?

नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रियांच्या धड्यात हिमनदीचे कार्य येते. उर्दू माध्यमाची मुले 'बर्फानी तोदा' म्हणतात, मराठी माध्यमाची 'हिमनदी'. आम्हाला मराठी शब्द जास्त आवडतो, कारण त्यात 'नदी' आहे. उंच डोंगरावर वर्षानुवर्षे पडलेला हिम स्वतःच्याच वजनाने दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला की उतारावरून सरकू लागतो. वेग इतका कमी की डोळ्याला दिसत नाही, पण ताकद इतकी की डोंगर खरवडून काढतो.

हे काम तो दोन पद्धतींनी करतो. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठते, बर्फाला चिकटते आणि बर्फ पुढे सरकला की खडकाचा तुकडा उपटून सोबत नेतो. मग हेच उपटलेले दगड बर्फाच्या तळाशी अडकून खालच्या खडकावर घासले जातात. सुताराचा पॉलिशपेपर आठवा. नुसता कागद लाकूड घासू शकत नाही, त्यावरचे कण घासतात. तसेच इथे. त्यातून खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले लांब ओरखडे उमटतात. डोंगराच्या कुशीत वाटीसारखे हिमगव्हर तयार होते. नदीने कोरलेली दरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी अरुंद असते, हिमनदीची दरी यू अक्षरासारखी रुंद तळाची होते.

आता मुख्य मुद्दा. नदी आणि हिमनदी आपले ओझे कसे टाकतात, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नदी निवड करते. वेग कमी झाला की आधी मोठे दगड सोडते, मग गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. म्हणून वैनगंगेच्या पात्रात वाळू वेगळी आणि काठावर गाळ वेगळा सापडतो. बर्फ अशी निवड करत नाही. घराएवढा दगड आणि पिठासारखी माती तो एकत्रच वाहतो आणि वितळला की ट्रॅक्टरची ट्रॉली उलटवावी तसा सगळा माल एका जागी ओततो. या ढिगाला हिमोढ म्हणतात. बाजूला साचला तो पार्श्व हिमोढ, टोकाला साचला तो अंत्य हिमोढ.

हे मुलांना दाखवायला फार खर्च लागत नाही. आम्ही प्लास्टिकच्या डब्यात पाणी, वाळू आणि गिट्टी घालून घरच्या फ्रिजमध्ये गोठवतो. सकाळी तो गोळा कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीवर दाबून सरकवतो. वडीवर ओरखडे उमटतात. मग गोळा ताटात ठेवून देतो. तास संपेपर्यंत पाणी ताटभर पसरते आणि मधोमध वाळू-गिट्टीचा ढीग उरतो. ज्या मुलाला 'हिमोढ' हा शब्द पाठ होत नव्हता, त्याला हा ढीग विसरता येत नाही.

पैनगंगेच्या काठावरचा पुरावा

साबणाच्या वडीवर उमटतात तसे ओरखडे खऱ्या खडकावर पाहायला काश्मीरला जायची गरज नाही. ते आपल्याच विदर्भातल्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी इरई नावाच्या ठिकाणी चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. त्याच्यावर वेगवेगळ्या आकाराचे दगड बारीक मातीत रुतलेला थर आहे. ज्या भागात उन्हाळ्यात अंगाची लाही होते, त्या भागात कधीकाळी बर्फाचे राज्य होते, याचा हा पुरावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या फेडन यांनी १८७५ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली.

त्याआधी १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेर भागात ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना असाच मोठ्या दगडांचा थर सापडला होता. बारीक मातीत एवढे मोठे दगड आले कसे? नदीने आणले असते तर माती वाहून गेली असती. त्यांनी उत्तर दिले: बर्फाने. उष्ण कटिबंधातल्या देशात बर्फ होता, हे त्या काळी पचणे अवघड होते. इरईच्या ओरखड्यांनी त्या उत्तराला बळ मिळाले. आज या थरांना 'तालचेर' हेच नाव आहे आणि त्यांचे वय सुमारे ३० कोटी वर्षे मानले जाते.

मग इतका बर्फ इथे आला कुठून? उत्तर असे की त्या वेळी आपली भूमी इथे नव्हतीच. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकत्र जोडलेले होते आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होते. त्या विशाल भूखंडाला जगभर ज्या नावाने ओळखतात ते नाव आपल्या भागातले आहे: गोंडवाना. गोंड राजांच्या मुलखावरून १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी ते खडकांना दिले आणि पुढे ते साऱ्या भूखंडाचे झाले. दक्षिण आफ्रिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया इथेही याच काळातले बर्फाचे ओरखडे आणि दगडांचे थर सापडतात. भूखंड सरकतात असे १९१२ मध्ये मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांच्या पुराव्यांत हे थर महत्त्वाचे होते.

स्पष्ट सांगायला हवे की कुडव्याच्या किंवा गोंदियाच्या जमिनीखाली हा थर नाही. आपल्या जिल्ह्यातले खडक त्याहूनही कितीतरी जुने आहेत. पण शाळेची सहल ज्या अंतरावर जाऊ शकते, त्या अंतरावर हा पुरावा आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे. ताडोब्याला वाघ पाहायला आपण आवडीने जातो. त्याच जिल्ह्यातला हा खडक मात्र कोणी दाखवत नाही.

बर्फानंतर कोळसा, कोळशानंतर धूर

बर्फ वितळल्यावर काय झाले, ते कोळशाच्या खाणीत दिसते. तालचेर थर सर्वांत खाली, त्याच्यावर कोळसा असलेला बाराकर थर आणि त्याच्याही वर कामठी थर. हो, आपल्या नागपूरजवळच्या कामठीचेच नाव त्याला आहे. हवामान उबदार होत गेले, वितळलेल्या पाण्याने तळी आणि दलदली भरल्या आणि त्यांच्या काठांवर जंगल उभे राहिले. त्या जंगलातले मुख्य झाड ग्लोसोप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानांचे. हीच पाने अंटार्क्टिकाच्या दगडांतही आहेत. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या सामानात जे दगड सापडले, त्यांत या पानांचे ठसे होते. त्या जंगलांचाच पुढे दगडी कोळसा झाला. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, उमरेड या सगळ्या खाणी त्याच कुटुंबातल्या. देशातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा याच गोंडवाना काळातला आहे.

म्हणजे जुन्या बर्फाने टाकलेल्या ढिगांवर जंगल वाढले, जंगलाचा कोळसा झाला आणि तो कोळसा आज आपण जाळतो. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचे केंद्र ३,३०० मेगावॉटचे आहे. उद्योग सुरू होण्यापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत २८० च्या आसपास होते, आज ते ४२० च्या पुढे आहे. जगभर जाळलेला कोळसा, तेल आणि वायू हे त्याचे मुख्य कारण आहे. पूर्वीच्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर तयार झालेला कोळसा आजचा बर्फ वितळवतो आहे. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्याच विजेवर आमच्या वर्गातला पंखा चालतो, धानाला पाणी देणारा पंप चालतो आणि शेकडो घरांची चूल पेटते. शिवाय आजवर हवेत साचलेल्या धुराचा मोठा हिस्सा श्रीमंत देशांचा आहे, हेही खरेच. पण हिशेब मांडायचा तर आपली ओळही त्यात लिहावी लागते.

बर्फाला धुराचा दुसराही त्रास आहे. ताजा हिम उन्हाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो, म्हणून तो उन्हातही टिकतो. त्यावर काजळी बसली की तो काळवंडतो आणि ऊन परतवण्याऐवजी शोषून घेतो. डिझेलचा धूर, वीटभट्ट्या, चुली, शेतात जाळलेले पिकाचे खुंट यांची काजळी वाऱ्याबरोबर हिमालयापर्यंत जाते.

भुशाखालची लादी

इथे एक गोष्ट आपल्या घरातल्या अनुभवातून समजते. उन्हाळ्यात लग्नघरी बर्फाची लादी आणली की आपण ती धानाच्या भुशात पुरतो, वरून ओले गोणपाट टाकतो. भुशाचा थर जाड असेल तर लादी संध्याकाळपर्यंत पुरते. पण लादीवर नुसती चिमूटभर माती उडाली असेल तर तिथे खड्डे पडतात, ती जास्त लवकर झिजते.

हिमालयातल्या हिमनद्यांचे नेमके हेच आहे. पातळ धूळ बर्फ लवकर वितळवते, दगडमातीचा जाड थर मात्र त्याला झाकून ठेवतो. हिमालयातल्या अनेक हिमनद्यांची खालची टोके अशी झाकलेली आहेत. वरून पाहणाऱ्याला तो नुसता दगडांचा माळ वाटतो, आत बर्फ असतो. गंगेचा उगम असलेल्या गोमुखाशी काळपट, मातकट बर्फ दिसतो तो यामुळेच.

धोका आहे तो या झाकलेल्या बर्फातच. वर दगड, आत बर्फ, असा ढीग आज भक्कम वाटतो कारण आतला बर्फ सिमेंटसारखा त्याला धरून ठेवतो. बर्फ वितळला की नुसते सुटे दगड आणि माती उरते. आणि हिमनदी मागे सरकते तेव्हा तिच्या आणि अंत्य हिमोढाच्या मधला खोलगट भाग रिकामा होतो. त्यात वितळलेले पाणी साचते. तळे तयार होते. त्याला धरण कोणी बांधलेले नसते. निसर्गाने ओतलेला दगडमातीचा ढीग हेच धरण. त्याला ना पिचिंग, ना सांडवा, ना दरवाजे. आपल्या भागातले जुने मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाळ किती विचाराने घालावी लागते ते माहीत आहे. पाणी कुठून सोडायचे हे ठरवल्याशिवाय पाळ घालत नाहीत. हिमोढाच्या पाळीला तो विचार नसतो.

केदारनाथ आणि दक्षिण ल्होनाक

जून २०१३ मध्ये केदारनाथला काय झाले ते सर्वांना आठवते. मंदिराच्या वर चोराबारी हिमनदीजवळ हिमोढाने अडवलेले एक तळे होते, त्याला गांधी सरोवर म्हणत. सलग मुसळधार पाऊस झाला, त्यात हिम वितळला, तळे भरले आणि १७ जूनच्या सकाळी पाळ फुटली. पाण्याबरोबर हिमोढाचे दगड खाली आले. त्या जूनच्या आपत्तीत उत्तराखंडात चार हजारांहून अधिक माणसे गेली. महाराष्ट्रातले यात्रेकरूही त्यात अडकले होते. मंदिराच्या मागे येऊन थांबलेली आणि प्रवाह दुभंगणारी शिळा लोकांनी टीव्हीवर पाहिली. पण ती सपाट जागा, जिच्यावर वस्ती, धर्मशाळा आणि दुकाने उभी राहिली होती, तीच मुळात जुन्या हिमनदीने टाकलेल्या दगडमातीची आहे, हे फार कमी बातम्यांत आले.

दहा वर्षांनी सिक्कीममध्ये तेच झाले, फक्त वेगळ्या रीतीने. दक्षिण ल्होनाक हे तळे हिमनदी मागे सरकेल तसे दशकानुदशके वाढत होते. ते धोकादायक आहे हे अभ्यासकांनी आधीच सांगितले होते. २०१६ मध्ये पाइप टाकून त्यातले पाणी कमी करण्याचा प्रयत्नही झाला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री तळ्याच्या बाजूचा गोठलेला हिमोढ कोसळून पाण्यात पडला. त्यामुळे सुमारे २० मीटर उंचीची लाट उठली, तिने समोरची पाळ फोडली आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी तिस्ता खोऱ्यात सुटले. चुंगथांगचे १,२०० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे धरण त्या रात्री वाहून गेले. ५५ मृत्यूंची नोंद झाली आणि ७४ जण बेपत्ता राहिले.

दोन्ही ठिकाणी पाणी होतेच, पण घात केला तो बर्फाने मागे ठेवलेल्या ढिगाने. म्हणून 'हिमनदी इतके मीटर मागे गेली' एवढ्या बातमीवर थांबून चालत नाही. ती मागे गेल्यावर तिथे काय उरले, ते कशाने धरून ठेवले आहे आणि त्याच्या खाली कोण राहते, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. काठमांडूच्या पर्वतीय विकास केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. म्हणजे हे तीन प्रश्न दरवर्षी नव्या ठिकाणी उभे राहणार.

खाली कोण राहते?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या ओळखीतच मिळाले. आमच्याकडे शिकून गेलेला एक मुलगा वेल्डिंगचे काम करतो. मागच्या वर्षी तो हिमाचलात एका बांधकामावर होता. त्याने व्हिडिओ पाठवला. नदीच्या काठी पत्र्याच्या खोल्या, मागे बर्फाचा डोंगर. "सर, बघा, जागा एकदम सपाट आहे, कुठे चढ नाही." आम्ही त्याला विचारले, बेटा, खोलीच्या मागचे दगड कसे आहेत? सगळे एकसारखे गोल आहेत, की लहानमोठे, कोपऱ्याचे, मातीत कालवलेले? त्याने फोन फिरवून दाखवले. लहानमोठे, कोपऱ्याचे, मातीत कालवलेले. ताटात उरतो तसा ढीग. डोंगरातली अशी सपाट जागा बहुतेक वेळा वरून आलेल्या ढिगाऱ्यानेच भरलेली असते, आणि जो एकदा त्या वाटेने आला तो पुन्हा येऊ शकतो.

ठेकेदाराला विचार, असे आम्ही म्हणालो. तो हसला. "सर, विचारलं तर गाडीभाडं हातात देईल आणि म्हणेल जा घरी." त्याच्या आईला आम्ही हे सांगितले नाही. सांगून काय करणार होती ती? शेवटी त्या पोरांनी आपसातच ठरवले. डोंगराकडे चढायची वाट दिवसा पाहून ठेवली आणि पावसाच्या रात्री आळीपाळीने एकजण जागा राहू लागला. ते काम संपले, पोरगा सुखरूप घरी आला, आता दुसऱ्या कामाच्या शोधात आहे.

चमोलीच्या मजुरांना असा वेळ मिळाला नाही. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी रोंटी शिखराचा खडक आणि बर्फ मिळून सुमारे अडीच कोटी घनमीटरहून जास्त ढीग सुटला आणि ऋषिगंगा-धौलीगंगेच्या खोऱ्यात उतरला. दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्यात मोठी संख्या जलविद्युत प्रकल्पांवर काम करणाऱ्यांची होती. काही जण तपोवनच्या बोगद्यात अडकले. वेळीच धोक्याची सूचना मिळाली असती तर खालच्या प्रकल्पावरच्या कित्येकांना वर चढायला काही मिनिटे मिळाली असती.

याच्या शेजारी स्वित्झर्लंडचे उदाहरण ठेवून पाहा. २८ मे २०२५ रोजी बिर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन नावाचे गाव जवळजवळ सगळे ढिगाऱ्याखाली गेले. पण गावातल्या सुमारे ३०० लोकांना त्याच्या नऊ दिवस आधीच बाहेर काढले होते. डोंगरावर नजर होती, हालचाल मोजली जात होती, अधिकाऱ्यांनी निर्णय घेतला आणि लोकांनी ऐकला. गाव गेले, एक माणूस गेला, पण बाकीचे वाचले. ढीग तिथेही कोसळला, इथेही कोसळला. मधला फरक इशाऱ्याचा होता.

आपल्या सरकारने काहीच केलेले नाही असे नाही. हिमतळी फुटण्याचा धोका कमी करण्यासाठी २०२४ मध्ये अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचल या चार राज्यांसाठी १५० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर झाला. तळ्यांवर नजर ठेवणे, इशारा यंत्रणा बसवणे, पाणी कमी करणे ही कामे त्यात आहेत. पाऊल योग्य आहे. पण जिथे हजारो कोटींची धरणे आणि बोगदे होतात, तिथे चार राज्यांच्या सुरक्षेला १५० कोटी पुरतील का, हा प्रश्न विचारायला हवा. आणि इशारा वाजला तरी तो पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या मजुरापर्यंत त्याला समजेल अशा भाषेत पोहोचतो का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, आपली मुले कामासाठी किंवा कुटुंबे फिरायला डोंगरात जात असतील तर काही साधी माणुसकीची चौकशी करून पाठवा. मुक्काम नदीच्या पात्राला लागून नको. चढायची वाट उजेडात पाहून ठेवा. नदीचे पाणी पाऊस असताना अचानक कमी झाले तर खूश होऊ नका, वर कुठेतरी ते अडले असण्याची शक्यता असते, लगेच उंचावर जा. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा डोंगरातून घरघर ऐकू आली तरी तेच करा. सोनमर्गला थाजिवास हिमनदी पाहायला घोड्यावरून जाणाऱ्यांनी फोटो जरूर काढावा, पण पायाखालच्या दगडांकडेही एकदा बघावे.

दुसरी गोष्ट, मजूर पाठवणाऱ्या आपल्या गावांनी आणि संघटनांनी ठेकेदाराला मुक्कामाच्या जागेबद्दल विचारायची सवय लावावी. एकटा पोरगा विचारतो तेव्हा त्याला गाडीभाडे हातात मिळते. ग्रामपंचायत, जमात किंवा कामगार संघटना लेखी विचारते तेव्हा उत्तर द्यावे लागते. आजवर आपण मजुरी, इन्शुरन्स आणि पगाराची तारीख विचारत आलो. त्या यादीत 'झोपायची जागा कुठे आहे' ही ओळ वाढवायला काही खर्च नाही.

तिसरी गोष्ट इरईची. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवैज्ञानिक वारसास्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. महाराष्ट्रात असा वारसा म्हटला की लोणारचे नाव येते आणि ते योग्यच आहे. पण इरईच्या ओरखड्यांचे मोलही कमी नाही. चुनखडीच्या आणि कोळशाच्या पट्ट्यात असलेली अशी जागा एकदा फुटली की पुन्हा तयार होत नाही. विदर्भातल्या शाळा-महाविद्यालयांच्या भूगोल आणि भूशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून जिल्हा प्रशासनाकडे साध्या फलकाची आणि कुंपणाची मागणी करायला हवी. उर्दू शाळांच्या सहलीही तिथे जायला हव्यात. आमच्या शाळेत आम्ही तो प्रस्ताव ठेवला आहे. बसचे भाडे कोण देणार, यावर सध्या गाडी अडली आहे.

आणि शेवटची गोष्ट वर्गातली. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे तेवढ्याच पाण्याचे तापमान शून्यावरून ८० अंशांपर्यंत न्यायला लागते तेवढी. म्हणून बर्फ हळूहळू, निमूटपणे वितळतो आणि बराच काळ आपल्याला काही बदलले असे वाटतच नाही. ताटातला गोळाही मुले पाहत असतात तेव्हा वितळताना दिसत नाही. ती दुसरे काहीतरी लिहायला खाली पाहतात, मान वर करतात, आणि ताटात ढीग उरलेला असतो. गेल्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, हा ढीग आता असाच राहणार का?" आम्ही ताट जरासे तिरके केले. ढिगामागे साचलेले पाणी एका बाजूने फुटले आणि वाळू घेऊन टेबलावर आले. मुले हसली. तिने मात्र वही काढली आणि काय झाले ते लिहून घेतले.

— कुडवा, जि. गोंदिया